मुकुट घासला, इशापूर गेलं

आमच्या शाळेच्या एन.सी.सी.च्या खोलीला एक वेगळाच वास होता. तेलाचा, जुन्या लाकडाचा आणि ब्रासोचा. यवतमाळ जिल्ह्यातली शाळा, साल सत्तरच्या दशकातलं. खोलीत लाकडी रॅकला साखळी लावून दहा-बारा बंदुका उभ्या असत. त्या चालत नसत. कवायतीसाठीच दिलेल्या, नळीला मुद्दाम भोक पाडलेल्या. पण आम्हा चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना त्याचं काय! ‘सलामी शस्त्र’ म्हटल्याबरोबर ती चार किलोची बंदूक छातीसमोर यायची, तेव्हा आपण सीमेवरच उभे आहोत असं वाटायचं.

सव्वीस जानेवारी जवळ आली होती. बंदुका चकाचक करा, असा हुकूम निघाला. मी आणि माझा एक मित्र कामाला लागलो. माझ्या बंदुकीच्या दस्त्याला लागून, बोल्टच्या दांडीखाली, लोखंडावर काही कोरलेलं होतं. वर एक मुकुट. खाली ‘जी.आर.आय.’ ही इंग्रजी अक्षरं. त्याखाली ‘इशापूर’ आणि साल, १९४२. सरांनी वर्गात सांगितलेलं आठवलं, जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज राजा, सम्राट. मित्र म्हणाला, “अरे, प्रजासत्ताक दिनाला इंग्रजाचा मुकुट घेऊन सलामी द्यायची काय?” मुद्दा बिनतोड होता. शाळेच्या कार्यशाळेतून कानस आणली, काचकागद आणला, आणि तासाभरात मुकुट साफ केला. कानस मुकुटापुरती थांबली नाही. सगळा पट्टाच आरशासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी पलटणीतून आलेले हवालदारसाहेब बंदुका मोजायला आले. त्यांनी रजिस्टर काढलं. नशीब, बंदुकीचा नंबर थोडा पुढच्या बाजूला होता. तो वाचला, म्हणून आम्हीही वाचलो. त्या चकचकीत पट्ट्यावर अंगठा फिरवत ते एवढंच म्हणाले, “मुकुट इंग्रजाचा होता. बाकीचं आपलं होतं.”

त्या वेळी ते कळलं नाही. पुढे इतिहास हाच व्यवसाय झाला, जुनी शस्त्रं जपणाऱ्या माणसांशी ओळखी झाल्या, आणि हवालदारसाहेबांचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. जुन्या लष्करी बंदुकीला तिचं मूळ रूप परत द्यायचं म्हणजे काय करायचं, हा आजचा विषय. वरवर पाहता तो तेल-पॉलिशचा प्रश्न आहे. पण ‘मूळ’ म्हणजे कोणतं, हे ठरवल्याशिवाय कानसच काय, साधी चिंधीसुद्धा हातात घेऊ नये, असं मला वाटतं.

ही बंदूक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. पोलीस ठाण्याच्या दारातला पहारेकरी, बँकेत रोकड पोचवणाऱ्या गाडीतला शिपाई, निवडणुकीच्या केंद्रावरचा होमगार्ड यांच्या खांद्यावर अनेक वर्षं तीच असे. ‘थ्री नॉट थ्री’. नळीचं आतलं माप एका इंचाच्या ३०३ सहस्रांश, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. तिचं खरं नाव ली-एनफील्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला कारागीर. बोल्टची आणि मॅगझीनची रचना त्याची. नळीतले आटे लंडनजवळच्या एनफील्डच्या सरकारी कारखान्याचे. १८९५ साली ब्रिटिश फौजेनं ती स्वीकारली. १९०७ साली तिचं जे आखूड रूप ठरलं, तेच आपल्याकडे सर्वांत जास्त दिसलं. लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, मॅगझीनमध्ये दहा गोळ्या.

आणि इशापूर? ते कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठावरचं गाव. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०४च्या सुमारास, त्याच जागी रायफलींचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात तिथे रात्रंदिवस काम चाललं. मुकुट राजाचा, पण नळी ओढणारे, लाकूड तासणारे, शिक्के मारणारे हात इथले होते. आम्ही मुकुट घासला, त्याबरोबर त्या हातांची सही घासली गेली.

आता तुम्ही म्हणाल, बंगालमधल्या कारखान्याचं आणि इंग्लंडच्या बंदुकीचं आमच्या यवतमाळशी काय नातं? नातं आहे, आणि ते शेतातून जातं.

या बंदुकीचं लाकूड पाहा. बहुतेक अक्रोडाचं. कारखान्यात त्याला वॉर्निश लावत नसत. लाकूड कच्च्या जवसाच्या तेलात मुरवत. तीळ, शेंगदाणा यांचं तेल लाकडाला लावलं तर चिकटच राहतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या छिद्रांतच वाळतं. क्रिकेटची बॅट ज्यांनी तेल पाजून तयार केली आहे, त्यांना हे सांगायला नको. त्या काळी इंग्लंडला जवस पुरवणाऱ्या मोठ्या देशांपैकी हिंदुस्थान एक होता, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा जवसाचा मुलूख. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी गॅझेटियरांत वऱ्हाडच्या पिकांमध्ये कापूस, ज्वारी, गहू यांच्या जोडीला जवस आहेच. आपल्या घरात जवसाची चटणी होते. तिकडे त्याच जवसाचं तेल शिपायाच्या बंदुकीत मुरत होतं.

दुसरं पीक कापूस. ते दोन वाटांनी बंदुकीपर्यंत पोचतं. एक वाट सगळ्यांना दिसणारी. नळी साफ करायची ती सुती फ्लॅनेलच्या चिंधीनं. चार इंच बाय दोन इंच, हे माप एन.सी.सी.च्या प्रत्येक मुलाला पाठ. दोरीच्या एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी. वजन नळीत सोडायचं आणि दोरी ओढायची. ही दोरी आणि तेलाची छोटी बाटली दस्त्याच्या आतल्या पोकळीत असे, वर पितळेचं झाकण. दुसरी वाट न दिसणारी. या काडतुसात काळी दारू नसे, ‘कॉर्डाइट’ असे. शेवयांसारख्या काड्या. १८८९ साली इंग्लंडमध्ये निघालेला हा पदार्थ. पुढच्या काळातल्या प्रकारात शंभर भागांपैकी ६५ भाग नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, ३० भाग नायट्रोग्लिसरीन आणि ५ भाग व्हॅसलीन. हिंदुस्थानात तो नीलगिरीतल्या अरवंकाडूला तयार होई. काडतुसं बनत त्या ठिकाणांपैकी एक आपलं पुण्याजवळचं खडकी. ‘के.एफ.’ असा शिक्का काडतुसाच्या बुडावर दिसला की ते खडकीचं.

कापसाचा कुठला बोरा कुठे गेला, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी कापूस घेऊन निघायची, पुढे मुंबई, पुढे विलायत. सांगायचं इतकंच, की ही बंदूक परकी असली तरी तिच्या अंगातलं तेल आणि तिच्या पोटातली आग आपल्या काळ्या मातीत उगवणाऱ्या पिकांचीच होती.

आता दुरुस्तीकडे वळू. अशी बंदूक संग्रहालयात किंवा शस्त्रागारात दुरुस्तीला येते, तेव्हा तिची अवस्था दोनपैकी एक असते. एक तर ती गंजलेली, धुळीनं माखलेली असते. किंवा कुणीतरी आधीच ‘चांगली’ केलेली असते. जाणकार सांगतात, पहिली परवडली. गंजलेल्या बंदुकीचा इतिहास गंजाखाली जिवंत असतो. चांगली केलेली बंदूक म्हणजे लाकूड रंध्यानं किंवा काचकागदानं घासून वर फर्निचरचं चकचकीत वॉर्निश, लोखंडावर काळा ऑइलपेंट, नाहीतर क्रोमचा मुलामा. लाकडावरच्या शिक्क्यांची खोली कागदाच्या जाडीएवढी. एकदा घासले की संपले.

म्हणून पहिलं काम हत्यारानं करायचं नसतंच. ते वही-पेन्सिलीचं असतं. शस्त्र रिकामं आहे याची खात्री जाणकार आर्मोररनं करायची, मग प्रत्येक खूण वाचायची, फोटो घ्यायचा, लिहून ठेवायचं. नळीजवळच्या लोखंडी अंगावरचा नंबर, बोल्टच्या दांडीमागचा नंबर, पुढच्या टोकाच्या टोपीवरचा, मागच्या निशाणपट्टीवरचा, पुढच्या लाकडाच्या पोटातला. सगळे जुळले तर बंदुकीचे अवयव जन्मापासून एकत्र आहेत. जुळले नाहीत तर कुठेतरी, केव्हातरी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. तो दोष नाही, ती माहिती आहे.

मग लाकूड. वर कुणी वॉर्निश चढवलं असेल तर ते विरघळवून, कापसाच्या बोळ्यानं हलकेच काढायचं. खरवडायचं नाही. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, की वाफेनं दबलेले तंतू पुष्कळदा वर येतात. फुटलेल्या जागी त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा, रेषा जुळवून बसवायचा. जुन्या आर्मोररांनी बसवलेली ठिगळं सापडली तर ती काढायची नाहीत; तीही बंदुकीचीच आहेत. मग जवसाचं कच्चं तेल. चार थेंब तळहातावर घ्यायचे, हाताच्या उबेनं लाकडात जिरवायचे, उरलेलं पुसून टाकायचं. जुना परिपाठ असा: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा. घाई करून जाड थर दिला तर तो चिकट होऊन धूळ धरतो. आणि एक इशारा. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं, आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मोकळ्या हवेत पसरून वाळवा. जिनिंगमधल्या आगी पाहिलेल्या आपल्या लोकांना तेल आणि कापूस एकत्र आले की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

लोखंडाची गोष्ट जरा उलटी आहे. या बंदुकीचा मूळ काळपट रंग हा रंग नव्हे, तो गंजच. शिस्तीत आणलेला गंज. स्वच्छ लोखंडावर आम्लाचं पाणी लावून बारीक तांबडा गंज येऊ द्यायचा, मग लोखंड उकळत्या पाण्यात धरायचं. तांबडा गंज काळा होतो. वरची भुकटी तारेच्या मऊ ब्रशनं काढायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे अनेक फेरे झाले की काळी, घट्ट कातडी तयार होते, ती तेल धरते आणि पुढच्या गंजाला अडवते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला दोन गंज ओळखता आले पाहिजेत. तांबडा, भुसभुशीत, खाणारा गंज तेलानं भिजवून काढायचा. काळा, घट्ट, बसलेला गंज तसाच ठेवायचा. तो शत्रू नाही, पहारेकरी आहे.

नळीच्या आतल्या गंजाचं कारणही ऐकण्यासारखं आहे. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत क्लोरेटचं मिश्रण असे. गोळी झाडली की नळीत क्षार उरे, मिठासारखाच, आणि तो हवेतला ओलावा ओढून घेई. तेल लावून मीठ जात नाही. म्हणून शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग चिंधी, मग तेल. ज्या बंदुकीची नळी शंभर वर्षांनंतरही आतून स्वच्छ आहे, तिच्या मागे दर वेळी पाणी उकळणारा कुणीतरी शिस्तीचा माणूस होता, हे ओळखावं. त्याचं नाव कुठे कोरलेलं नसतं.

यानंतर येतात सुटे भाग, आणि खरी पंचाईत इथे सुरू होते. मॅगझीन नाही, पितळेचं झाकण नाही, माशीचे दोन्ही बाजूंचे कान तुटलेत. भाग मिळवायचे, ते त्याच काळाचे, त्याच कारखान्याचे. नवा करून बसवला तर त्यावर नवा असल्याची खूण करायची, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाही. बोल्ट मात्र कुणाचाही कुणाला बसवायचा नाही. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातली फट प्रत्येक बंदुकीला वेगळी जुळवलेली असते. ती चुकली तर दाब मागे येतो, आणि मागे माणसाचा डोळा असतो.

पण भाग मिळाले तरी प्रश्न उरतो, कोणत्या सालचे बसवायचे? एक उदाहरण सांगतो. १९०७ सालच्या बंदुकीत मॅगझीनवर एक सरकती पट्टी होती. ती आत सरकवली की मॅगझीन बंद. शिपायानं एकेक काडतूस हातानं घालून झाडायचं, दहा गोळ्या राखून ठेवायच्या. शिपाई गोळ्या उधळतील, ही सेनापतींची भीती. बाजूला आणखी एक निशाणी असे, दीड मैलापर्यंतच्या जमावावर सगळ्या तुकडीनं मिळून गोळ्यांचा पाऊस पाडण्यासाठी. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत दोन्ही गोष्टी निरुपयोगी ठरल्या. उत्पादन वाढवायचं होतं, म्हणून १९१६च्या सुमारास त्या वगळल्या. जुन्या बंदुका दुरुस्तीला आल्या तेव्हा त्यांच्यावरचेही हे भाग पुष्कळदा काढून टाकले गेले. आज हौशी लोक असे भाग शोधून बंदुकीला ‘मूळ रूप’ देतात. दिसते सुंदर. पण युद्धानं सेनापतींना जे शिकवलं, ते त्या बंदुकीवरून पुसलं जातं.

आपल्याकडच्या बंदुकांवर तर अशा खुणा कितीतरी. मॅगझीनच्या थोडं पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू असतो. जगभरचे संग्राहक त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात. गोळीच्या धक्क्यानं लाकूड फुटू नये म्हणून भारतात केलेली ही मजबुती. विलायती नकाशात तो नाही, म्हणून ‘मूळ’ शोधणारा तो काढून भोक बुजवील. म्हणजे पुन्हा तेच. आम्ही मुकुट घासून इशापूर घालवलं, हा इशापूर घालवून मुकुट राखेल.

कोणतं साल, हा प्रश्न केवळ स्क्रूचा नाही. बंदूक कुणाच्या हातात होती, हाही त्यातच येतो.

१८५७ नंतर इंग्रजांनी एक नियम पाळला. हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचं हत्यार द्यायचं. तो इतका मुरला होता, की सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या बंदुका बदलून नव्या द्याव्या लागल्या. हात बसायच्या आत माणसं खंदकात गेली. मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात हीच बंदूक वागवली. कूतच्या वेढ्यात उपासमारीनं हाडं वर आली, आणि एप्रिल १९१६ मध्ये शस्त्रं ठेवावी लागली. पोलिसांबाबतचा अविश्वास तर त्याहून उघड. इशापूरलाच जुन्या थ्री नॉट थ्रीच्या नळ्या आतून गुळगुळीत करून ‘.४१० मस्केट’ बनवली गेली. मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच गोळी, आणि काडतूस असं की लष्कराचं त्यात चालू नये. अशी मस्केट आज दुरुस्तीला आली आणि कुणी तो ‘बेढब’ ठोकळा काढून मॅगझीन बसवलं, तर राज्यकर्त्यांच्या भीतीचा पुरावाच कचऱ्यात जाईल.

आणि माझ्या त्या बंदुकीचं साल, १९४२. विदर्भात या सालाचा उच्चार केला की चिमूर आणि आष्टी आठवतात. १६ ऑगस्ट १९४२. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला ठाण्यावर गेलेल्या जमावावर सरकारच्या बंदुका चालल्या. त्याच्या बारा वर्षं आधी, १० जुलै १९३० रोजी, पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला होता, हातात विळा घेऊन. विळ्याची आणि बंदुकीची ती गाठ वऱ्हाडातल्या घराघरांत माहीत आहे. त्या आठवणीच्या बाजूनं पाहिलं तर ही बंदूक दडपणाऱ्यांची.

पण तेच साल दुसऱ्या बाजूनंही पाहावं लागतं. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये एक पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेब आंबेडकर सुभेदाराचे चिरंजीव. भरतीच्या हक्कासाठी त्यांनी सरकारकडे सतत मागणी केली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि १९४२ मध्ये तिची दुसरी पलटण आपल्या विदर्भात, कामठीला. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्याच्या हाती सरकारनं बंदूक दिली, नंबरासकट, सहीसकट. त्या घरातल्या फोटोत हीच थ्री नॉट थ्री घेऊन आजोबा ताठ उभे असतील, तर तिथे ही बंदूक दडपणाऱ्यांची नाही. ती मानाची आहे.

एकच साल, एकच कारखाना, आणि दोन खरे अर्थ. त्यातला एक ठेवून दुसरा पुसायचा अधिकार कोणत्या पॉलिश करणाऱ्याला आहे?

पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या शिक्क्यातला मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये आपले जवान हीच घेऊन लढले. १९६२ मध्ये हिमालयात समोर चिनी सैन्याकडे आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या, आणि आपल्या जवानांच्या हातात दर गोळीला बोल्ट ओढावी लागणारी ही. त्या धड्यानंतर लष्करात नवी रायफल आली आणि थ्री नॉट थ्री पोलिसांकडे, होमगार्डकडे, आमच्या एन.सी.सी.च्या खोलीत आली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर पोलिसांच्या हातात अशाच जुन्या बंदुका होत्या. तो प्रसंग सांगताना आपण शिपायांच्या धैर्याचं कौतुक करतो, ते योग्यच. पण त्यांच्या हातातली बंदूक ही आपल्या सगळ्यांच्या दिरंगाईची साक्ष होती, हेही सांगितलं पाहिजे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनात तिला समारंभपूर्वक निरोप दिला. इशापूरचा कारखानाही २०२१ पासून नव्या सरकारी कंपनीत गेला आहे.

थ्री नॉट थ्री आपल्याकडे सामान्य परवान्यावर घरी ठेवता येत नाही. त्यामुळे परदेशातल्यासारखी घरच्या टेबलावर बसून ती दुरुस्त करण्याची हौस इथे नाही, आणि ते बरंच आहे. ही जबाबदारी शस्त्रागारांची आणि संग्रहालयांची. बाद झालेल्या बंदुका नियमानं नष्ट कराव्याच लागतात, त्यालाही माझी हरकत नाही. चुकीच्या हाती पडण्यापेक्षा त्या भट्टीत गेलेल्या चांगल्या. माझं मागणं लहान आहे. भट्टीत जाण्याआधी प्रत्येक बंदुकीच्या शिक्क्यांचा एक फोटो निघावा, एक ओळ लिहिली जावी. आणि प्रत्येक जिल्ह्यानं निदान एक बंदूक, कायद्यानं निकामी करून, संग्रहालयात ठेवावी. पॉलिश न करता. ठिगळासकट, स्क्रूसकट, काळ्या गंजासकट. शेजारी पाटी असावी, ती ‘शौर्याचं प्रतीक’ एवढ्यावर थांबणारी नसावी.

आपल्यालाही करण्यासारखं आहे. घरात आजोबांचा फौजेतला फोटो असेल, सेवापुस्तिका असेल, पोलिसातून निवृत्त झालेल्या काकांच्या आठवणी असतील, तर त्या लिहून ठेवा. दस्त्याला कोणतं तेल लावायचे, पाणी कसं उकळायचे, चिंधी कशी घालायचे, हे सांगणारे आर्मोरर आता थोडे उरले आहेत. ते गेले की बंदुका असूनही त्या वाचता येणार नाहीत.

माझ्या त्या बंदुकीचं पुढे काय झालं, असं मला कुणी विचारलं तर सांगण्यासारखं एवढंच आहे, की त्या सव्वीस जानेवारीला मी तीच घेऊन परेडला उभा होतो. उन्हात तो घासलेला पट्टा सगळ्यांत जास्त चमकत होता. पाहुण्यांनी आमच्या तुकडीची स्वच्छतेबद्दल तारीफ केली. हवालदारसाहेब समोरच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)